कराची नोटीस आली. वकील निवडायचा कसा?

वैजापूर, प्रतिनिधी : तालुक्याच्या ठिकाणी कराचे काम बहुधा एकाच माणसाकडे सोपविलेले असते. दुकानाचा हिशेब तोच लिहितो, विवरणपत्र तोच भरतो, बँकेच्या कर्जासाठी लागणारा ताळेबंदही तोच करून देतो. आयकर किंवा वस्तू व सेवा कर (जीएसटी) विभागाची नोटीस आली, की तीही त्याच्याच हाती दिली जाते. पुष्कळदा तेवढ्याने भागते. परंतु काही नोटिसांना दिलेले पहिले उत्तरच पुढे अपिलात, न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयात प्रकरणाचा पाया ठरते. तो पाया कच्चा राहिला, तर नंतर कितीही मोठा वकील केला तरी त्याचे हात बांधलेले असतात. म्हणूनच कोणत्या कामासाठी कोणाकडे जावे, त्याचा अधिकार कसा तपासावा आणि फी कशी ठरवावी, याची माहिती करदात्याला आधीच असणे हिताचे आहे.

नोटीस शेतकऱ्याच्याही दारी

आयकर हा व्यापारी आणि नोकरदार यांचाच विषय, ही समजूत वैजापूर तालुक्यात आता टिकण्यासारखी नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग या तालुक्यातून गेला आहे. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ज्यांच्या जमिनी या किंवा अन्य प्रकल्पांसाठी गेल्या, त्यांच्या बँक खात्यांत आयुष्यात प्रथमच मोठ्या रकमा जमा झाल्या. त्यांतील अनेकांनी कधी विवरणपत्र भरलेले नसते.

१९६२ च्या आयकर नियमांनुसार बचत खात्यात एका आर्थिक वर्षात १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख जमा झाल्यास बँक, आणि ३० लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा स्थावर व्यवहार झाल्यास दुय्यम निबंधक कार्यालय त्याची माहिती आयकर विभागाला कळवीत आले आहे. माहिती आहे, पण विवरणपत्र नाही, असे दिसले की संगणक ते प्रकरण वेगळे काढतो. पैसा कांद्याचा आहे, कपाशीचा आहे की जमिनीच्या मोबदल्याचा, हे संगणकाला ठाऊक नसते. ते सांगण्याची जबाबदारी खातेदाराची.

यातील पुष्कळ रकमा मुळात करमुक्त असतात. शेतीचे उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १० (१) नुसार करमुक्त आहे. ग्रामीण भागातील शेतजमीन ही त्या कायद्याच्या व्याख्येनुसार भांडवली मालमत्ताच नव्हे. ग्रामीण कोणती, हे नगरपालिका हद्दीपासूनच्या सरळ हवाई अंतरावर ठरते. लोकसंख्या दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असल्यास हद्दीपासून २ किलोमीटर, एक लाख ते दहा लाख असल्यास ६ किलोमीटर आणि त्यापुढे ८ किलोमीटर. वैजापूर शहर यांतील पहिल्या गटात येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याच्या रकमेला त्या कायद्याच्या कलम ९६ ने आयकरातून सूट दिली असून, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या ३६/२०१६ क्रमांकाच्या परिपत्रकाने ती मान्य केली आहे.

मात्र रक्कम करमुक्त असणे आणि नोटिशीला उत्तर न देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उत्तर मिळाले नाही तर अधिकारी कलम १४४ खाली उपलब्ध माहितीवरून एकतर्फी आकारणी करू शकतो. खात्यातील रकमेचा उगम न सांगितल्यास ती ‘अस्पष्टीकृत’ ठरते आणि १९६१ च्या कायद्याखाली तिच्यावर ६० टक्के कर, त्यावर अधिभार व उपकर धरून एकूण ७८ टक्क्यांचा बोजा पडू शकतो. जो पैसा करमुक्त होता, त्यातील तीनचतुर्थांशाहून अधिक केवळ मौनामुळे जाण्याची वेळ येते ती अशी.

आधी नोटीस खरी आहे का ते पाहा

सल्लागार शोधण्यापूर्वी दोन गोष्टी करदात्याने स्वतः कराव्यात. पहिली, नोटिशीची सत्यता. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक (डिन) असतो. विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून नोटीस खरी की बनावट, हे कोणालाही तपासता येते. त्यासाठी लॉगिनची गरज नाही.

दुसरी, कलम आणि तारीख. कलम १४३ (१) ची सूचना म्हणजे विवरणपत्राच्या संगणकीय तपासणीचा निकाल. त्यातील तफावत बहुधा कलम १५४ खालील दुरुस्ती अर्जाने मिटते. कलम १४२ (१) किंवा १४३ (२) ची नोटीस म्हणजे चौकशी व छाननी. कलम १४८ अ ची नोटीस म्हणजे जुने वर्ष पुन्हा उघडण्यापूर्वी मागविलेला खुलासा. पहिल्या प्रकाराला वकिलाची गरज सहसा पडत नाही. शेवटच्या प्रकाराला अनुभवी माणसावाचून उत्तर देऊ नये.

१ एप्रिल २०२६ पासून सुरू होणाऱ्या करवर्षांसाठी नवा आयकर कायदा, २०२५ आहे आणि त्यातील कलमांचे क्रमांक निराळे आहेत. त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे मात्र १९६१ च्या कायद्यानेच चालतात. त्यामुळे नोटीस कोणत्या वर्षाची आहे, हेही प्रथमच पाहून ठेवावे.

पाटी एक, अधिकार अनेक

‘कर सल्लागार’ ही पाटी अनेक दारांवर दिसते. परंतु त्या शब्दामागे एकच ठरावीक पदवी किंवा परवाना नाही. आयकर अधिकाऱ्यांपुढे करदात्याच्या वतीने कोण उभे राहू शकतो, हे १९६१ च्या कायद्याच्या कलम २८८ मध्ये सांगितले आहे. करदात्याचा नातेवाईक, त्याचा नियमित नोकर, वकील, सनदी लेखापाल (सीए) आणि वाणिज्य किंवा विधी शाखेची पदवी असलेली व्यक्ती यांचा त्यात समावेश आहे. जीएसटीसाठी हीच तरतूद २०१७ च्या कायद्याच्या कलम ११६ मध्ये असून तेथे नोंदणीकृत जीएसटी व्यावसायिकालाही प्रतिनिधित्व करता येते.

टप्प्यांनुसार पाहिले तर निवड सोपी होते. विवरणपत्र, दुरुस्ती अर्ज आणि किरकोळ तफावत यांसाठी नेहमीचा कर सल्लागार पुरेसा आहे. हिशेबाची छाननी, लेखापरीक्षण आणि आकडेवारीचा वाद यांसाठी सनदी लेखापाल उपयोगी. रक्कम करपात्र आहे की नाही, नोटीस मुदतीत निघाली की नाही, भूसंपादनाचा मोबदला कोणत्या कायद्याखाली मिळाला, असे प्रश्न कायद्याच्या अर्थाचे आहेत. तेथे करविषयक वकिलाचा सल्ला घ्यावा. आयकर अपील न्यायाधिकरणापुढे सनदी लेखापाल व वकील दोघेही उभे राहू शकतात. या जिल्ह्याची प्रकरणे न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे जातात. त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात किंवा करचुकवेगिरीच्या फौजदारी खटल्यात मात्र वकीलच लागतो.

गावातला की शहरातला?

करविषयक वकील म्हणजे छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई असे समीकरण पूर्वी होते. आयकर कार्यालयात तारखेला हजर राहावे लागे आणि वैजापूरहून जाऊन-येऊन दिवस मोडे. चेहराविरहित (फेसलेस) आकारणी १३ ऑगस्ट २०२० पासून आणि त्याच पद्धतीची अपिले २५ सप्टेंबर २०२० पासून सुरू झाल्यावर हे चित्र पालटले. प्रकरण देशातील कोणत्याही ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. उत्तर संकेतस्थळावरूनच द्यायचे असते आणि सुनावणी मागितल्यास ती दूरदृश्य पद्धतीने होते.

याचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की वकील कोणत्या गावात बसतो याला पूर्वीइतके महत्त्व उरले नाही. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. दूरच्या अधिकाऱ्याला वैजापूरची शेती, आडत किंवा बाजार समितीची पद्धत ठाऊक असेलच असे नाही. तो फक्त कागद पाहतो. सातबारा, आठ-अ, फेरफार, पीक पाहणीच्या नोंदी, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या, भूसंपादनाचा निवाडा, खातेउतारा असे कागद गोळा करून त्यांची संगती लावण्याचे काम गावातला जाणकार जितके चांगले करतो, तितके शहरातील वकिलाला जमणे कठीण. म्हणून मोठ्या प्रकरणात दोघांची सांगड घालणे श्रेयस्कर. कागदपत्रे स्थानिक सल्लागाराने जमवावीत आणि कायद्याचा मसुदा करविषयक वकिलाने करावा. मात्र अंतिम जबाबदारी कोणाची, हे आरंभीच ठरले पाहिजे.

फेसलेस पद्धतीमुळे आणखी एक कसोटी आपोआप मिळाली आहे. ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत, वरून मिटवून देतो’ असे जो सांगतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. ज्या व्यवस्थेत प्रकरण हाताळणाऱ्या अधिकाऱ्याचे नावच करदात्याला कळत नाही, तेथे ओळखीचा दावा हाच अविश्वासाचा पुरावा होय.

शोध आणि पडताळणी

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे ‘कर माफ करून देऊ’ अशा जाहिराती करणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

चौकशीची सुरुवात वैजापूरच्या न्यायालयातील वकील मंडळींपासून, नेहमीच्या सनदी लेखापालापासून किंवा अशाच नोटिशीतून गेलेल्या व्यापाऱ्यांपासून करता येते. दोन-तीन नावे मिळाल्यावर पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. सनद. महाराष्ट्रातील वकिलाच्या सनद क्रमांकात ‘एमएएच’ ही अक्षरे, नोंदणी क्रमांक व वर्ष असते. शंका असल्यास महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे खातरजमा करता येते. सनदी लेखापालाचा सदस्यत्व क्रमांक त्यांच्या संस्थेच्या यादीत पाहता येतो.

२. त्याच प्रकारच्या कामाचा अनुभव. दिवाणी वा फौजदारी वकिली उत्तम असली तरी कराचे प्रकरण निराळे असते. ‘कलम १४८ अ ची किती उत्तरे तुम्ही दिली आहेत? त्यांतील किती प्रकरणे अपिलात गेली?’ असे थेट विचारावे. जुन्या अशिलांची नावे मात्र विचारू नयेत. ती सांगणारा वकील उद्या आपलेही नाव दुसऱ्याला सांगेल.

३. प्रत्यक्ष काम कोण करणार. मोठ्या नावाच्या कार्यालयात मसुदा कनिष्ठाने लिहिलेला असू शकतो. त्यात गैर काही नाही. पण मसुदा पाठविण्यापूर्वी वाचणार कोण, हे कळले पाहिजे.

४. हितसंबंध. ज्याने मूळ विवरणपत्र भरले, त्याच्याच चुकीमुळे नोटीस आली असेल, तर उत्तरासाठी दुसऱ्याचे मत घेणे शहाणपणाचे. स्वतःची चूक मान्य करणारे उत्तर लिहिणे कोणालाही जड जाते.

५. प्रतिकूल बाजू सांगण्याची तयारी. पहिल्याच भेटीत यशाची हमी देणाऱ्यापेक्षा ‘हा कागद नसेल तर येथे अडचण येईल’ असे सांगणारा अधिक उपयोगाचा.

फी लेखी ठरवावी

करविषयक वकिलाच्या फीचा कोणताही सरकारी दर नाही. ती रक्कम, वर्षांची संख्या, कागदांचा व्याप आणि टप्पा यांवर ठरते. फी संपूर्ण प्रकरणाची आहे की केवळ या उत्तराची, अपील झाल्यास वेगळी फी द्यावी लागेल का, पुण्याला जावे लागल्यास प्रवासखर्च कोणाचा, हे सारे एका कागदावर लिहून घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी.

‘जितका कर वाचेल त्याचे इतके टक्के’ असा सौदा वकिलाला करता येत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास विधिज्ञ परिषदेच्या नियमांची मनाई आहे. तसेच कराची रक्कम सल्लागाराच्या हाती रोख देऊ नये. ती चलनाद्वारे स्वतःच्या बँक खात्यातून थेट सरकारजमा करावी आणि चलनाची प्रत आपल्याकडे ठेवावी.

पासवर्ड आपला, मोबाइलही आपलाच

तालुक्यातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथे असते. विवरणपत्र भरताना सोयीसाठी सल्लागाराचाच ई-मेल आणि मोबाइल क्रमांक दिला जातो. पुढे नोटीस त्या ई-मेलवर जाते. सल्लागाराने काम सोडलेले असते, क्रमांक बदललेला असतो किंवा त्याच्याकडून ती पाहायची राहून जाते. करदात्याला पत्ता लागतो तो बँक खाते गोठविल्यावर. कायद्याच्या दृष्टीने मात्र नोंदविलेल्या ई-मेलवर पाठविलेली नोटीस करदात्याला मिळाल्याचे धरले जाऊ शकते.

म्हणून आयकर व जीएसटी या दोन्ही संकेतस्थळांवर स्वतःचा किंवा घरातील विश्वासू व्यक्तीचा मोबाइल क्रमांक व ई-मेल नोंदवावा. सल्लागाराला प्राधिकृत प्रतिनिधी म्हणून जोडण्याची सोय आहे. त्यासाठी पासवर्ड देण्याचे कारण नाही. सल्लागार बदलल्यास जुना अधिकार काढून टाकावा. वकीलपत्र किंवा अधिकारपत्र कोऱ्या कागदावर सही करून देऊ नये. पाठविलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत व पोचपावती मागून घ्यावी.

मुदत चुकली की दार बंद

आयकराच्या आकारणी आदेशाविरुद्ध पहिले अपील ३० दिवसांत करावे लागते. आकारलेले उत्पन्न एक लाख रुपयांपर्यंत असल्यास २५० रुपये, दोन लाखांपर्यंत ५०० रुपये आणि त्यापुढे १,००० रुपये एवढेच त्याचे सरकारी शुल्क १९६१ च्या कायद्यात आहे. विलंबास सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो. अपील प्रलंबित असताना उरलेल्या वसुलीला स्थगिती हवी असल्यास वादग्रस्त मागणीचा ठरावीक भाग भरावा लागतो. मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या निर्देशांनी तो साधारणपणे २० टक्के ठरविला होता.

जीएसटीत नियम अधिक कडक आहे. आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत अपील करावे. सबळ कारण दाखविल्यास आणखी एक महिना मिळतो. त्यापलीकडचा विलंब माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याला कायद्याने दिलेला नाही. अपिलासोबत वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम भरावी लागते. वकील शोधण्यात दोन महिने गेले, तर मसुद्याला उरतो तो एकच.

‘सवलत’ म्हणजे नेमके काय?

थकीत कर घासाघीस करून कमी करून देण्याची कायमस्वरूपी सोय आपल्याकडे नाही. सरकार वेळोवेळी मुदतीच्या योजना आणते. ‘विवाद से विश्वास २०२४’ योजना १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली आणि ३० एप्रिल २०२५ ही तिची अखेरची तारीख होती. जीएसटीच्या २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या ठरावीक प्रकरणांत व्याज व दंड माफ होण्यासाठी मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरणे आवश्यक होते. या दोन्ही योजनांच्या नावाने आता कोणी पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजावी.

काही सवलती मात्र मागून मिळतात. ठरावीक अटींवर व्याज कमी करण्याचा किंवा परताव्याच्या दाव्यातील विलंब माफ करण्याचा अधिकार वरिष्ठ आयकर अधिकाऱ्यांना आहे. परताव्यासाठी असा अर्ज आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. काही सवलती तर न मागताच मिळाल्या आहेत. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातील घोषणेनुसार २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील १० हजार रुपयांपर्यंतच्या जुन्या मागण्या, प्रत्येक करदात्यास एकूण एक लाख रुपयांच्या मर्यादेत, रद्द करण्याचा निर्णय झाला. अशा मागणीसाठी कोणाला फी देण्याआधी संकेतस्थळावर तिची स्थिती पाहावी.

फी परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्या व्यक्ती मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहेत. महिलांना उत्पन्नाची अट नाही. या कायद्यातील न्यायालयाच्या व्याख्येत न्यायाधिकरणे व तत्सम प्राधिकरणेही येतात. पतीच्या निधनानंतर त्याच्या नावाची नोटीस हाती आलेल्या महिलेला हा आधार मोलाचा ठरू शकतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही माहिती मिळते.

वकिलाने गैरवर्तन केल्यास विधिज्ञ परिषदेकडे आणि सनदी लेखापालाने केल्यास त्यांच्या संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे तक्रार करता येते. लेखी करार आणि पावत्या नसतील, तर ती सिद्ध करणे अवघड जाते.

पहिल्या भेटीला काय न्यावे?

नोटीस व तिचे सर्व जोडपत्र, पॅन व आधारची प्रत, संबंधित वर्षाचे सर्व बँक खातेउतारे, भरले असल्यास विवरणपत्र व पोचपावती, २६ एएस व वार्षिक माहिती विवरण, शेतीचे उत्पन्न असल्यास सातबारा, आठ-अ व विक्रीच्या पट्ट्या, जमीन गेली असल्यास निवाडा किंवा खरेदीखत, आणि आधी कोणी उत्तर पाठविले असल्यास त्याची प्रत. मूळ कागद दाखवावेत. हाती द्यावी ती झेरॉक्सच. सोबत एका कागदावर कोणती रक्कम कोणत्या तारखेला कोठून आली, हे स्वतःच्या शब्दांत लिहून न्यावे. वकिलाचा निम्मा वेळ त्याने वाचतो आणि जे स्वतःला सांगता येत नाही, ते कोठे आहे हेही करदात्याला त्याच वेळी कळते.